पायाची करंगळी आणि डोळ्यांचा मेंदू

पायाच्या करंगळीच्या नखाशेजारी, बाहेरच्या अंगाला, चिनी वैद्यकात एक बिंदू सांगितलेला आहे. झियिन हे त्याचं नाव. शरीरातली प्राणशक्ती ज्या वाटांनी वाहते असं हे वैद्यक मानतं, त्यांतल्या मूत्राशयाच्या वाहिनीवरचा सदुसष्टावा आणि शेवटचा बिंदू. तिथे ॲक्युपंक्चरची सुई टोचली की डोळ्यांच्या तक्रारींना उतार पडतो असं परंपरा मानते. १९९८ साली झांग-ही चो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवलं, त्या करंगळीला सुई टोचली आणि मेंदूच्या मागच्या बाजूला, डोळ्यांकडून आलेली माहिती जिथे उलगडली जाते तिथे, हालचाल दिसल्याचं जाहीर केलं. डोळ्यांसमोर दिवे लुकलुकवल्यावर जो भाग जागा होतो, साधारण तोच. सुई थोडी बाजूला टोचली तर मात्र काही नाही. चो कुणी ऐरेगैरे नव्हते. पेट स्कॅनची सुरुवातीची यंत्रं उभारणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. आणि निबंध छापला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाने.

मला त्या निबंधातली करंगळी फारशी खटकत नाही. खटकते ती पुढची गोष्ट. सगळ्यांच्या मेंदूने एकसारखं उत्तर दिलंच नव्हतं. काहींचा सिग्नल वर गेला, काहींचा खाली आला. आता वर आणि खाली यांची बेरीज केली की हाती शून्याच्या आसपास काहीतरी उरतं, आणि शून्यावर निबंध लिहिणं अवघड. लेखकांनी मार्ग काढला: हे दोन वेगळ्या प्रकृतींचे लोक असणार. चिनी विचारातल्या दोन विरुद्ध प्रवृत्तींप्रमाणे एक गट यांगचा, दुसरा यिनचा.

आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवल्यामुळे असं काही वाचलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. वर गेला तरी पास, खाली आला तरी पास. मग नापास कोण? माणसांना गटांत वाटायला हरकत नाही, पण ती वाटणी सुई टोचायच्या आधी व्हायला हवी, कागदावर लिहून, पाकिटात बंद करून. निकाल बघून गट पाडले की कुठलाही निकाल सिद्धांताला धरूनच येतो.

आठ वर्षांनी, २००६ साली, तो निबंध मागे घेतला गेला. वेदनाशमनाच्या बाबतीत तरी अमुक बिंदू म्हणजे मेंदूतला तमुक भाग असं नातं पुढच्या अभ्यासांत टिकत नाही, आपल्याला आता ते निष्कर्ष मान्य नाहीत, असं लेखकांनी लिहिलं. विज्ञानात अशी माघार घ्यायला धाडस लागतं, आणि त्याबद्दल मला त्या मंडळींचा आदरच वाटतो. पण करंगळी आणि डोळे यांचं नातं मागे घेतलं, म्हणून वर जाणारे आणि खाली येणारे सिग्नल कुठे नाहीसे झाले नाहीत. ॲक्युपंक्चर आणि मेंदूची चित्रं यांवरचं जे जे हाती लागेल ते मी गेली काही वर्षं वाचते आहे, आणि जवळजवळ प्रत्येक निबंधात ते कुठेतरी, आकृतीच्या तळाशी, सापडतात. माणसागणिक उत्तर वेगळं.

आपल्याकडे याला उत्तर तयार असतं. व्यक्ती तितक्या प्रकृती. हे म्हटलं की चर्चा संपते आणि चहा येतो.

माझ्या या वाचनाच्या नादाचं मूळ घरातलंच आहे. माझा उजवा खांदा आखडला होता. फ्रोझन शोल्डर. दोरीवर कपडे वाळत घालता येईनात, वेणी घालता येईना. त्याच सुमाराला माझ्या धाकट्या नणंदेच्या गुडघ्याने असहकार पुकारला. आम्ही दोघी एकाच डॉक्टरांकडे, एकाच खोलीत, शेजारशेजारच्या खाटांवर सुया टोचून घ्यायला जाऊ लागलो. नणंदेला पहिल्याच आठवड्यात फरक पडला. जिना उतरताना ती कठडा धरेनाशी झाली. माझा खांदा होता तिथेच.

"वहिनी, तुमचा विश्वास नाही ना, म्हणून गुण येत नाही," ती म्हणाली.

"मग उंदरांना कसा येतो?" मी विचारलं.

"उंदीर कशाला शंका काढतात तुमच्यासारख्या!"

हा संवाद चेष्टेचा असला तरी नीट बघितलं तर यात या सगळ्या क्षेत्राचे प्रश्न आहेत. फरक शरीरातला, की मनातला? माणसाचा, की त्या दिवसाचा? आणि उंदीर खरोखर शंका काढतात का, याचंही उत्तर आहे. त्याकडे नंतर येते.

आम्ही सोलापूरच्या. भय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ साली तिथेच वारले. त्यांचेच सहकारी, कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू, पुढे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुयांची ही विद्या शिकून आले आणि भारतात ती रुजवली. आता महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे. तेव्हा ही सुई आमच्या गावाला अगदीच परकी नाही. जुनी ओळख म्हणून तिला सवलत द्यायची की जास्त कडक तपासायचं, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न.

चो यांच्यानंतर दोनच वर्षांनी, २००० साली, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातल्या कॅथलीन हुई आणि त्यांच्या गटाचा एक निबंध आला. तो मला या विषयातला सगळ्यात बोलका वाटतो. तेरा निरोगी माणसं. बिंदू हेगू, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला मांसल भाग. डोकं दुखलं की पुष्कळजण नकळत दाबतात तो. सुई टोचायची, थोडी फिरवायची, थांबायचं, पुन्हा फिरवायची. सुई नीट लागली की चिनी वैद्य ज्याला दे-ची म्हणतात ती संवेदना येते: जडपणा, आतून भरून आल्यासारखं, बधिरपणा, ओझं उचलल्यावर स्नायू आंबतात तसं काहीतरी. ती टोचल्याची तीक्ष्ण वेदना नव्हे. तेरांपैकी अकरा जणांना ही संवेदना आली, आणि त्या अकराही जणांत मेंदूच्या खोल भागांतला, भीती, स्मृती आणि बक्षिसाची ओढ ज्या भागांशी जोडलेली आहे तिथला, सिग्नल खाली गेला. उरलेल्या दोघांना नुसतं दुखलं. त्या दोघांत सिग्नल वर गेला.

सुई तीच, बिंदू तोच, पण चित्र उलटं. मात्र इथे चो यांच्यापेक्षा एक गोष्ट वेगळी आहे. गट यिन-यांगच्या ठोकताळ्यावर पडलेले नव्हते. त्या माणसांना काय वाटलं हे त्यांनाच विचारलेलं होतं, आणि चित्र त्यांच्या सांगण्याला धरून बदललं. वाचताना मला मोह होतो की इथेच थांबावं: फरक प्रकृतीत नाही, अनुभवात आहे. ज्याला जडपणा आला त्याचा मेंदू शांत झाला, ज्याला दुखलं त्याचा मेंदू खवळला. संपलं. पण दोन माणसं म्हणजे दोनच माणसं. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीने दोन नोंदींवर असं विधान केलं असतं तर मी तिला वर्गाबाहेर नाही काढलं, तरी फळ्यापाशी नक्की उभं केलं असतं. हुईंच्या गटालाही ते ठाऊक असणार. २००५ साली गुडघ्याखालच्या झू-सान-ली बिंदूवर त्यांनी पुन्हा तसाच अभ्यास केला. त्यात जडपणा आणि तीक्ष्ण वेदना दोन्ही एकाच वेळी जाणवणारे लोकही निघाले, आणि त्यांची चित्रंही वेगळी निघाली. म्हणजे कप्पे दोन नव्हेत. मधेही माणसं उभी असतात.

आता 'चित्र' म्हणजे काय हे बोलायला हवं, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. हे यंत्र मेंदूतला विचार टिपत नाही, मज्जापेशींचं फुरफुरणंही टिपत नाही. सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखवलं की रक्तातल्या ऑक्सिजनच्या कमीजास्तपणामुळे चुंबकीय सिग्नल किंचित बदलतो. पेशी कामाला लागल्या की त्या भागाकडे ताजं रक्त धावतं, काही सेकंद उशिरा. यंत्र मोजतं ते धावणारं रक्त. सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा गेटवर जमलेल्या डब्यांवरून आत किती साचे चालू आहेत याचा अंदाज कुणी बांधला असता, तर तो बऱ्याच वेळा बरोबर आला असता आणि सणाच्या दिवशी हमखास चुकला असता. हा सिग्नल बदलतोही थोडाच, शंभरात एखाद-दुसरा टक्का किंवा त्याहून कमी. आणि मेंदूकडे जाणारं रक्त केवळ विचारांनी बदलत नाही. श्वास रोखला, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला, की प्रवाह वाढतो. चहा-कॉफीतल्या कॅफिनने तो आक्रसतो.

माझ्या मानेचा एमआरआय झाला तेव्हा हे मला चांगलंच कळलं. कानात बोळे, वर हेडफोन, तरी आत ठोकपीट चालू असल्यासारखा आवाज. नाकाच्या टोकापासून वीतभरावर छत. हलायचं नाही. मी श्वास मोजत होते आणि मोजताना विसरत होते. तेव्हा मनात आलं, यात आणखी पायात सुई, आणि ती कुणीतरी येऊन अधूनमधून फिरवणार. शेजारच्या खोलीत एखादा मुलगा पडद्यावर बघत बसलाय आणि माझ्या घाबरण्याचे ठिपके तो सुईच्या नावावर लिहितोय! संशोधक याची काळजी घेतात, श्वास आणि नाडीची नोंद ठेवतात, गणितात ती वजा करतात. तरी, बोगद्यात निवांत झोप लागणारा आणि बोगद्यात घामाघूम होणारा यांच्यातला फरक पूर्ण वजा होत असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

इथे संख्याशास्त्रातली एक जुनी, अगदी पहिल्या वर्षाची गोष्ट आठवते. दोन माणसांची मोजमापं वेगळी आली तर दोन शक्यता असतात. माणसं खरंच वेगळी आहेत; किंवा माणसं सारखीच आहेत, पण मोजमाप प्रत्येक वेळी डोलतं. यांतलं कोणतं खरं हे दोन माणसांना एकेकदा मोजून कधीच कळत नाही. कळतं ते त्याच माणसाला पुन्हा मोजल्यावर. नणंदेचा गुडघा आणि माझा खांदा यांच्यात जे अंतर दिसलं, ते तिचं माझं अंतर होतं, की त्या आठवड्याचं? 'व्यक्ती तितक्या प्रकृती' म्हणणाऱ्या कुणी एका व्यक्तीला दुसऱ्यांदा मोजलेलं मला अजून भेटलं नाही.

ॲक्युपंक्चरच्या संशोधनात ते झालं. बोस्टनच्याच जियान काँग आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. माझ्या मते या विषयावर पहिलं वाक्य लिहिण्याआधी प्रत्येकाने तो वाचावा. त्यांनी त्याच माणसांना वेगवेगळ्या दिवशी पुन्हापुन्हा स्कॅनरमध्ये बोलावलं. सुईतून हलकासा विद्युतप्रवाह सोडला. तुलनेसाठी त्यांना बोटंही आपटायला लावली. बोटं आपटताना मेंदूचं जे चित्र येई ते बऱ्यापैकी स्थिर होतं, आज आलं तसं पुढच्या खेपेला. सुईचं चित्र मात्र माणसागणिक बदलत होतंच, आणि त्याच माणसाचंही दिवसागणिक बदलत होतं. यंत्र बिघडलेलं नव्हतं, नाहीतर बोटांचं चित्रही डळमळलं असतं. डळमळत होता तो सुईचा प्रतिसाद.

हे वाचलं तेव्हा मला त्या खाटेवरचे माझे दिवस आठवले. हेगूवर सुई लागली की कधी मनगटापर्यंत जड कळ यायची, हात माझा नाहीच असं वाटायचं. कधी, त्याच बिंदूवर, त्याच डॉक्टरांच्या हाताने, काहीच नाही. सुई आहे हे बघूनच कळायचं. एकदा रात्री नातवाच्या तापामुळे जागरण झालं होतं तेव्हा तर ती लागली तशी डोळ्यांतून पाणी आलं. यांतली कुठली मी यिन आणि कुठली यांग?

दिवसागणिक होणारा हा बदल सगळ्यात स्पष्ट एका माणसाच्या हट्टामुळे दिसला, त्याचा ॲक्युपंक्चरशी काही संबंध नव्हता. रसेल पोल्ड्रॅक हे अमेरिकेतले मेंदूसंशोधक. त्यांनी सुमारे दीड वर्ष स्वतःलाच आठवड्यातून अनेकदा स्कॅनरमध्ये घातलं. मंगळवारी उपाशीपोटी, कॉफी न पिता. गुरुवारी खाऊनपिऊन. काही न करता नुसतं पडून राहिलं असतानाही मंगळवारचा आणि गुरुवारचा मेंदू वेगळा निघाला, आणि तोही विशेष करून स्पर्श आणि हालचाल सांभाळणाऱ्या जाळ्यात. म्हणजे सुई ज्या जाळ्याशी पहिल्यांदा बोलते नेमक्या त्याच जाळ्यात. २०२० साली तर मॅक्सवेल इलियट आणि सहकाऱ्यांनी असे जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं की एखादं काम करताना घेतलेल्या मेंदूच्या चित्रांची पुनरावृत्तीची विश्वासार्हता सरासरी ०.४ च्या आसपास आहे. १ म्हणजे तंतोतंत तेच, ० म्हणजे काही संबंध नाही. परीक्षेचा एखादा पेपर असा निघाला असता तर विद्यापीठावर मोर्चा आला असता.

मग वैयक्तिक फरक सगळा भासच का? नाही. इथे उंदीर येतात, खरं तर प्रयोगशाळेतले मोठे उंदीर.

बीजिंगचे हान जिशंग यांनी १९६५ सालापासून सुईने दुखणं का कमी होतं याचा पाठपुरावा केला. त्यांच्या आणि इतरांच्या कामातून कळलं की सुईमुळे मेंदूत आणि मज्जारज्जूत शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं सुटतात. विद्युतप्रवाह सेकंदाला २ वेळा दिला तर एक प्रकारची, १०० वेळा दिला तर दुसऱ्या प्रकारची. १९७७ साली अमेरिकेत डेव्हिड मेयर आणि सहकाऱ्यांनी माणसांत दाखवलं की अफूचा असर उतरवणारं नॅलोक्सोन हे औषध दिलं की सुईने आलेला दिलासाही जातो. पण हान यांना प्रयोगशाळेत दिसत होतं की काही उंदरांना सुईने छान दिलासा मिळतो आणि काहींना मुळीच नाही. एकाच जातीचे असूनही. त्यांनी या फरकाला नाव देऊन गप्प बसायचं नाकारलं. शोधता शोधता कोलेसिस्टोकायनिन नावाचं एक द्रव्य सापडलं, आतड्यांतही असतं आणि मेंदूतही. ते अफूसारख्या द्रव्यांचा असर खोडून काढतं. गुण न येणाऱ्या उंदरांच्या मज्जासंस्थेत सुई लागल्यावर हे द्रव्य जास्त सुटत होतं. मग त्यांनी त्या उंदरांत या द्रव्याची निर्मिती रोखली, आणि गुण न येणारे गुण येणारे झाले.

मला या प्रयोगाचं सौंदर्य शब्दांत सांगता येत नाही. फरक दिसला, कारण शोधलं, कारण बदललं, फरक गेला. 'प्रकृती' म्हणायचंच असेल तर ते इतक्या पुराव्यानिशी म्हणावं. आणि नणंदेला हेही सांगायचं होतं की या उंदरांना शंका काढता येत नव्हत्या, तरी काहींना गुण आला नाहीच. (सांगितलं. "मग तुमच्यात ते आतड्याचं द्रव्य जास्त असणार," ती म्हणाली, आणि मला यावर काही बोलता आलं नाही.)

तरीही तिचा विश्वासाचा मुद्दा मोडीत काढता येत नाही, कारण माणसांत तो मोजलेला आहे. हायडेलबर्गच्या कोन्राड श्ट्राइटबर्गर यांनी १९९८ साली एक खोटी सुई तयार केली. टोक बोथट, टोचली की नाटकातल्या सुरीसारखी मुठीत आत सरकते. रुग्णाला वाटतं गेली आत. ब्रिटनमध्ये २००५ साली अंगठ्याच्या सांधेदुखीचे १४ रुग्ण घेऊन पेट स्कॅनवर ही सुई तपासली गेली. खरी सुई आणि उपचार वाटेल अशी ही खोटी सुई, दोन्हींनी मेंदूतले अपेक्षेशी जोडलेले भाग जागे केले. खऱ्या सुईने त्याशिवाय इन्सुला नावाच्या भागात जास्त हालचाल दिली. म्हणजे अपेक्षा होतीच, पण केवळ अपेक्षा नव्हती.

जर्मनीत कंबरदुखीवर झालेल्या मोठ्या चाचणीत ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के लोकांना, आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के लोकांना गुण आला. या आकड्यांवर दोन्ही बाजूचे लोक खूश होतात, हे एक आश्चर्यच. एक म्हणतो बिंदूंना अर्थ नाही, दुसरा म्हणतो सुई औषधांपेक्षा सरस. मला दिसतं ते वेगळं: तिन्ही गटांत अर्ध्याहून अधिक लोकांना गुण आलाच नाही. ते कोण होते?

आणि गुण सारखा आला म्हणून आत जे घडलं ते सारखं असंही नाही. मिशिगनच्या रिचर्ड हॅरिस यांनी २००९ साली फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे सगळं अंग दुखत राहण्याच्या आजाराच्या, २० स्त्रिया घेतल्या. काहींना खरं ॲक्युपंक्चर, काहींना खोटं. दुखणं दोन्ही गटांत सारखंच कमी झालं. पण मेंदूतले अफूसारख्या द्रव्यांना धरून ठेवणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, मोजले, तेव्हा खऱ्या सुईच्या गटात त्यांची धरण्याची क्षमता वाढली, खोट्या सुईच्या गटात नाही. एकाच मुक्कामाला दोन वेगळ्या वाटांनी पोचलेल्या बायका. वीसच होत्या हे मी विसरलेले नाही, पण रुग्णाला 'बरं वाटतंय का' एवढंच विचारून थांबणाऱ्या अभ्यासांत हा फरक कधी सापडलाच नसता.

कोरियात आणि बोस्टनमध्ये झालेला एक अभ्यास तर जादूगाराने आखल्यासारखा आहे. स्वयंसेवकाला त्याच्याच अंगात सुई टोचल्याचा व्हिडिओ दाखवला, प्रत्यक्षात सुई नाहीच. काहींचा त्यावर विश्वास बसला, काहींचा नाही. शरीराला काहीच झालेलं नसताना विश्वास बसलेल्यांचा मेंदू आणि न बसलेल्यांचा मेंदू वेगळं वागले. इथे फरकाचं कारण त्वचेखाली नव्हतं, डोळ्यांच्या पुढ्यात होतं.

आता सुई टोचणाऱ्याकडे बघू, कारण त्याला या चित्रात कुणी फारसं झोपवलेलंच नव्हतं. २०२० साली डॅन-मिकेल एलिंगसेन, विटाली नापाडो आणि सहकाऱ्यांनी ते केलं. एका स्कॅनरमध्ये रुग्ण, दुसऱ्यात ॲक्युपंक्चर करणारा, दोघं व्हिडिओवरून एकमेकांचा चेहरा बघू शकतात. रुग्णाच्या पायावर पट्टा आवळून दुखवलं जातं, आणि डॉक्टर बटण दाबून उपचार देतो. काही जोड्यांची आधी प्रत्यक्ष गाठभेट झालेली, काहींची नाही. गाठभेट झालेल्या जोड्यांत चेहरे एकमेकांसारखे हलत होते आणि दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणारे मेंदूचे भाग जास्त जुळून चालत होते. जिथे चेहरे जास्त जुळले तिथे दिलासाही जास्त.

हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी २००८ साली आतड्यांच्या एका त्रासाच्या २६२ रुग्णांवर याच प्रश्नाची साधी बाजू तपासली होती. सुया सगळ्यांना खोट्याच. नुसत्या प्रतीक्षायादीतल्यांपैकी २८ टक्क्यांना पुरेसा आराम पडला; फारसं न बोलता खोटी सुई टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना; आणि आपुलकीने बसून, ऐकून घेऊन टोचलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना. आमच्या डॉक्टरांचं आणि नणंदेचं गाव एकच निघालं होतं, पलीकडच्या तालुक्यातलं. ते सुया लावता लावता तिच्या भावकीची चौकशी करायचे. माझ्याशी ते अतिशय सभ्यपणे, मोजकं बोलायचे. मी प्राध्यापक बाई. मग मी खांद्याबद्दल कुणाला दोष द्यायचा? माझ्या मेंदूला, की माझ्या माहेरच्या तालुक्याला?

अलीकडे मेंदूचं चित्र आधी काढून कुणाला सुईचा गुण येईल हे ओळखायचा उद्योग जोरात आहे. कंबरदुखी, मायग्रेन, यांवरचे निबंध येत असतात, संगणकाला शिकवून केलेले, काही पन्नासेक रुग्णांचे, काही शंभरेक. मला ते वाचायला आवडतात आणि त्यांच्यावर पैसे लावायला मी तयार नाही. स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली हजारो माणसांची चित्रं एकत्र करून दाखवलं की मेंदूची चित्रं आणि माणसाची वैशिष्ट्यं यांचं नातं विश्वासाने सांगायचं तर माणसं हजारांत लागतात. लहान गटांत सापडलेलं ठळक नातं दुसऱ्या गटात बहुधा टिकत नाही.

म्हणून माझ्या हातात स्कॅनर असता तर मी माणसं जास्त घेण्याआधी दिवस जास्त घेतले असते. वीस माणसं पुरतील, पण प्रत्येकाला पुन्हापुन्हा बोलवायचं. कधी खरी सुई, कधी श्ट्राइटबर्गरची. कधी तेच डॉक्टर, कधी अनोळखी. झोप किती झाली, काय खाल्लं, काय प्यायलं, काय वाटलं, सगळं लिहून ठेवायचं. आणि मग आधी मोजायचं की त्या माणसाचं स्वतःशी किती पटतं. जेवढं पटेल तेवढीच प्रकृती, बाकीचा मंगळवार-गुरुवार.

हा बेत मी एका संध्याकाळी नणंदेला सविस्तर सांगितला. माझा खांदा तोवर सुटला होता. फ्रोझन शोल्डर वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा आपणहून सुटतोच, त्यामुळे त्याचं श्रेय वाटायच्या भानगडीत मी पडले नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरून झाली.

"म्हणजे दर खेपेला त्या नळकांड्यात झोपायचं?"

"हो."

"आणि काही दिवस सकाळी चहा नाही?"

"नाही."

"मग मला नका धरू, वहिनी. दादांना विचारा, तसेही ते तुमचं ऐकतात."